दुखणाइताची गाडी आणि वैद्याची गाडी

दुखणाइतास घरांतून उचलून वैद्याच्या दारापर्यंत पोंचविणें हें काम कोणाचें, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं साधा दिसतो. ज्याची गाडी त्याचें काम, असें उत्तर चटकन् देतां येईल. परंतु ज्या गाडींत प्राणवायूचीं नळकांडीं आहेत, औषधें आहेत आणि शिकलेला डॉक्टर बसलेला आहे, त्या गाडीनें चाकाच्या खुर्चीवरील रुग्णास ठरल्या दिवशीं, ठरल्या वेळीं तपासणीसाठीं नेऊन परत घरीं पोंचवावें कीं नाहीं, असें विचारलें म्हणजे उत्तर देणारा थबकतो. नेऊं नये म्हणावें, तर तो रुग्ण घरांत अडकून पडतो. न्यावें म्हणावें, तर त्याच घटकेस दुसऱ्या एखाद्या वाडींत कोणास साप चावला तर त्याच्याकडे धांवण्यास गाडी उरत नाहीं. हा वाद अनेक देशांत झाला आहे व आजहि चालू आहे. मोठ्या शहरांत एक गाडी गेली तरी दुसरी हाकेच्या अंतरावर असते, म्हणून तेथें तो झांकून राहतो. आजऱ्यासारख्या डोंगराळ तालुक्यांत तो उघडा पडतो.

हिरण्यकेशी नदी आंबोलीजवळ उगम पावून आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे जाते. तिच्या आणि चित्रेच्या खोऱ्यांत वसलेला हा मुलूख घनसाळ भातासाठीं प्रसिद्ध आहे. संस्थानी काळांत आजरा इचलकरंजीच्या जहागिरींत मोडत असे. पश्चिमेस आंबोलीचा घाट उतरला कीं सावंतवाडी, पूर्वेस गडहिंग्लज, आणि उत्तरेस कोल्हापूर सुमारें ८५ किलोमीटर. आजऱ्यास ग्रामीण रुग्णालय आहे, गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु डोक्यास मार लागला, मोठी शस्त्रक्रिया करावयाची झाली, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयाची वाट धरावी लागते. जुन्या पिढीस हें रुग्णालय अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल या नांवानें ठाऊक होतें. तालुक्यांतलीं कर्तीं माणसें पूर्वीं मुंबईच्या गिरण्यांत गेलीं, आतां दुसऱ्या धंद्यांत जातात; घरीं उरतात ती बहुधा वडीलधारी मंडळी. कित्येक वाड्या आणि धनगरवाडे डांबरी रस्त्यापासून दूर, टेकाडावर. तेव्हां दुखणाईत उचलण्याचा प्रश्न येथें प्रथम पायवाटेवर उभा राहतो, गाडीचा विचार त्यानंतरचा.

या पायवाटेचें वाहन म्हणजे खाटलें किंवा डोली. बाज उलटी करून तिला लांब वेळू बांधावयाचा, आंत घोंगडें अंथरावयाचें, आणि तीहि सोय नसेल तर घोंगड्याचीच झोळी करावयाची. पुढें दोघे, मागें दोघे, आणि खांदेपालट करण्यास आणखी चौघे. यांत कसब नाहीं असें ज्यास वाटत असेल त्यानें एकदां चढणीवर खांदा देऊन पाहावा. चौघांनीं एका तालांत पाऊल टाकलें तर खाट झोके घेऊं लागते. म्हणून मुरलेले खांदेकरी मुद्दाम पावलें चुकवून चालतात. सपाटीवर दुखणाइताचे पाय पुढें ठेवावयाचे, चढणीवर डोकें पुढें करावयाचें, म्हणजे रक्त डोक्याकडे उतरत नाहीं. लष्करांतील स्ट्रेचरच्या कवायतींत हेच नियम शिकवितात. डोंगरांतल्या माणसांनीं ते कोणत्याहि पुस्तकावांचून काढले होते.

भोयांच्या खांद्यावरची पालखी ही गोष्ट निराळी. पेशवाईंत पालखी हा मान होता. ती कोणास मिळावी हें सरकार ठरवी आणि तिच्या खर्चास नेमणूक देई. धडधाकट सरदार पालखींत बसे आणि तापानें फणफणलेला कुणबी घोंगड्याच्या झोळींत लोंबकळत जाई. असो. मुद्दा असा, कीं या सर्व काळांत दुखणाईत वाहून नेणें हें एकच काम होतें. प्रसूतीची अडलेली बाई असो, झाडावरून पडलेला गडी असो कीं पाय गेलेला म्हातारा असो, खांदा तोच, खाट तीच, वाट तीच. वैद्य वाटेच्या शेवटीं बसलेला असे. वाटेंत कोणी औषध देत नसे, कारण वाटेंत देण्यासारखें औषधच नव्हतें. त्यामुळें "निकडीचा रुग्ण" व "बिननिकडीचा रुग्ण" हा भेदहि नव्हता.

हा भेद प्रथम रणांगणावर उत्पन्न झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपांतील सैन्यांत जखमींसाठीं जड गाडे असत, आणि ते लढाईच्या जागेपासून तीनएक मैल मागें ठेवावे असा दंडक होता. लढाई संपल्यावर ते पोंचावयाचे. तोंपर्यंत कित्येक जखमी रक्तस्रावानें मरून गेलेले असत. १७९२ सालीं र्‍हाइन नदीच्या आघाडीवर दोमिनिक लारे या तरुण फ्रेंच शस्त्रवैद्यानें हें पाहिलें, आणि तोफखान्याचे हलके गाडे ज्या वेगानें जागा बदलतात त्या वेगानें वैद्य कां जाऊं नये असा सवाल केला. त्यानें स्प्रिंगा लावलेल्या, हलक्या, घोड्यांच्या गाड्या बनविल्या; सपाटीसाठीं दोन चाकांच्या, डोंगराळ मुलखासाठीं चार चाकांच्या. त्यांस त्यानें "उडत्या रुग्णवाहिका" असें नांव दिलें. परंतु त्याची खरी करामत गाडींत नव्हती. त्यानें शस्त्रवैद्यास गाडीबरोबर पाठविलें, आणि कोणास आधीं उचलावयाचें हें जखम पाहून ठरवावें, हुद्दा पाहून नव्हे, असा नियम घातला. वैद्य वाटेवर आला त्या दिवशीं दुखणाईत वाहून नेण्याचें जुनें एकसंध काम दोन कामांत फुटलें. एका कामांत वेळ मोलाची, दुसऱ्यांत वेळ ठरलेली.

हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेंत मात्र डोलीच राहिली. एकेका डोलीस पांचसहा कहार किंवा भोई असत आणि ते गोळीच्या टप्प्यांत जाऊन जखमी उचलून आणीत. विलायतेंत एक थट्टेची गोष्ट सांगत, कीं लढाईनंतर "डोल्या" आल्या आणि जखमींस घेऊन गेल्या अशी बातमी वाचून तेथील एका थोर वक्त्यास डोल्या ही कोणी रानटी टोळी असावी असें वाटलें आणि तो त्यांच्या क्रौर्यावर तोंडसुख घेऊं लागला. गोष्ट खरी असो वा नसो. वाहणाऱ्यास किती थोडे लोक ओळखत होते हें तिच्यांत दिसतें. हिंदी लोकांनीं हें काम आपण होऊन अंगावर घेतल्याचींहि उदाहरणें आहेत. १८९९ सालीं बोअर युद्धांत गांधीजींनीं सुमारें अकराशें हिंदी लोकांचें शुश्रूषापथक उभें केलें. त्यांत सुशिक्षित मंडळी होती आणि गिरमिटिये मजूरहि होते, आणि एकाच स्ट्रेचरला दोघांचा खांदा लागला. त्याच्या आधीं दोन वर्षें, १८९७ च्या प्लेगांत, सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या एका मुलास पाठीवर घेऊन आपला मुलगा यशवंत याच्या दवाखान्यांत आणलें. त्यांतच त्यांस प्लेग जडला व १० मार्च रोजीं त्यांचें निधन झालें.

एकाच वाहनास दोन कामें दिलीं म्हणजे काय होतें, याचा सर्वांत कटु धडा मात्र पहिल्या महायुद्धांत मिळाला, आणि तो मराठी मुलखाच्या अगदीं जवळचा आहे. १९१५ सालीं जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालीं जी सहावी पुणें डिव्हिजन मेसापोटेमियांत टायग्रिस नदीच्या कांठानें बगदादकडे निघाली, तिच्यांत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. देशावरचीं आणि कोंकणांतलीं कितीतरी घरें तिच्या बातम्यांकडे डोळे लावून बसलीं होतीं. नोव्हेंबरच्या २२ तारखेस टेसिफॉन येथें लढाई जुंपली. त्या लढाईंत या बाजूचीं सुमारें साडेचार हजार माणसें ठार वा जखमी झालीं.

जखमींसाठीं वेगळ्या गाड्या जवळजवळ नव्हत्याच. दाणागोटा आणि दारूगोळा वाहणाऱ्या खेंचरांच्या गाड्या रिकाम्या परत जावयाच्या, त्यांतच जखमी घालावे असा हिशेब होता. या गाड्यांस स्प्रिंगा नव्हत्या, बूड लोखंडी पट्ट्यांचें. मांडीचें हाड मोडलेले, पोटांत गोळी लागलेले शिपाई अशा गाड्यांतून मैलोगणती खडबडीत वाळवंटांतून नदीकांठीं आणले गेले. नदीवरहि तीच तऱ्हा. वर जातांना ज्या आगबोटींनीं आणि पडावांनीं रसद व जनावरें नेलीं, त्यांच्याच फळ्यांवर खालीं येतांना जखमी निजविले. फळ्या धुतलेल्या नव्हत्या. बोटी अपुऱ्या म्हणून खच भरला; पट्ट्या बदलण्यास माणसें नव्हतीं. "मेजिदिए" नांवाची असली एक बोट बसऱ्यास लागली तेव्हां "वरेला" या रुग्णनौकेवरील मेजर कार्टर या डॉक्टरास तिची दुर्गंधी दुरूनच आली. त्यानें जें पाहिलें तें जसेंच्या तसें लिहून वर पाठविलें. वरिष्ठांनीं त्यास अटकेची धमकी दिली. पण कागद दबला नाहीं. १९१७ सालीं मेसापोटेमिया कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला.

या प्रकरणांत डॉक्टर अडाणी होते असें कोणी म्हटलें नाहीं. गाड्या दुकामी होत्या, हें मूळ होतें. कागदावर हिशेब चोख होता: एकच गाडी जातांना एक काम करील, येतांना दुसरें. परंतु रसदेचें काम रोजचें आणि मोजतां येणारें. जखमी किती होतील हें आधीं कोणास ठाऊक नाहीं. अशा दोन कामांस एका दावणीस बांधलें म्हणजे रोजचें काम गाडी अडवून बसतें आणि अवचित येणाऱ्या कामाच्या वांट्यास उरलेसुरलें येतें. हिंदी फौजेंतील डोलीवाले, रुग्णसेवक वगैरेंचीं निरनिराळीं पथकें १९२० सालीं एका हॉस्पिटल कोअरखालीं आलीं आणि १९४३ सालीं डॉक्टरांसह सर्वांचें मिळून आर्मी मेडिकल कोअर झालें, त्याच्या पाठीशीं हा अनुभव होता.

शांततेच्या काळांत हाच प्रश्न इंग्लंडांत नव्या वेषांत आला. ५ जुलै १९४८ पासून तेथें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, आणि रुग्णवाहिका पुरविणें हें स्थानिक संस्थांचें कायदेशीर कर्तव्य ठरलें. गाडी फुकट झाली. मग रुग्णालयांत व्यायामोपचारास जाणारे म्हातारे, खुर्चीवरचे रुग्ण, दवाखान्यांतून घरीं परतणारे, सर्वांनींच तिची मागणी केली. आणि त्यांत त्यांचें कांहीं चुकलें नाहीं. बघतां बघतां फेऱ्यांचा मोठा भाग अशा ठरीव प्रवासाचा झाला. याच सुमारास गाडीच्या आंतलें काम मात्र अवघड होत चाललें होतें. १९६६ सालीं बेलफास्ट येथें डॉ. पँट्रिज यांनीं हृदयास विजेचा धक्का देणारें यंत्र गाडींत चढविलें, आणि रुग्णालयाची खाट रुग्णाच्या दारीं नेण्याची कल्पना रूढ झाली. एकाच गणवेशांतला माणूस सकाळीं आजीबाईंस हात धरून पायऱ्या उतरवी आणि दुपारीं बंद पडलेलें हृदय चालू करूं पाही.

१९८९ च्या सप्टेंबरांत या लोकांचा पगारासाठीं झगडा सुरू झाला. तो पुढच्या वर्षाच्या वसंतापर्यंत चालला, आणि लंडनमध्यें पोलिसांच्या व लष्कराच्या गाड्या रुग्ण आणूं लागल्या. त्या झगड्यांत आरोग्यमंत्री केनेथ क्लार्क यांनीं असें म्हटलें, कीं यांतील बहुसंख्य लोक म्हणजे धंदेवाईक ड्रायव्हर होत. काम उपयुक्त आहे, पण असामान्य नव्हे. लोक संतापले. मंत्र्याच्या बोलण्यांतला तुच्छतेचा सूर सोडला तरी त्याचा आधार लक्षांत घेण्यासारखा आहे. तो आधार म्हणजे बिननिकडीच्या फेऱ्या. ज्यांनीं खुर्च्या ढकलण्याचें काम निमूटपणें अंगावर घेतलें होतें, त्यांच्या पगाराच्या वेळीं तेंच काम त्यांच्यावर उलटविलें गेलें. पुढें तेथें ठरीव प्रवासाची सेवा हळूहळू निकडीच्या सेवेपासून वेगळी काढण्यांत आली, आणि अनेक ठिकाणीं ती ठेक्यानें खासगी कंपन्यांकडे गेली. निकडीच्या गाड्या मोकळ्या झाल्या; ठेक्याच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या वृद्धांच्या तक्रारी तेव्हांपासून आजतागायत संपलेल्या नाहींत. फोड करणें सोपें, फोडीच्या दोन्ही बाजू सांभाळणें अवघड, एवढें त्यावरून दिसतें.

आपल्याकडे हा इतिहास उशिरां पण फार वेगानें घडला. १९९६ सालीं पश्चिम बंगालमधील एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं निकडीच्या वेळीं उपचार मिळणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कोठें खाट रिकामी आहे हें कळविणारी मध्यवर्ती व्यवस्था आणि पुरेशा रुग्णवाहिका हव्यात असेंहि न्यायालयानें सांगितलें. त्यानंतर दहा वर्षांच्या आंतच मुंबईंत १२९८ क्रमांकाची सेवा निघाली. तिची युक्ति मोठी व्यवहारी होती: खासगी रुग्णालयांत जाणाऱ्यानें पूर्ण भाडें द्यावें, सरकारी रुग्णालयांत जाणाऱ्यानें कमी द्यावें, अपघातांतल्या बेवारस जखमीस फुकट न्यावें. १५ ऑगस्ट २००५ रोजीं आंध्रांत १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, आणि हा आंकडा देशभर पसरला. महाराष्ट्रांत ती २०१४ सालीं आली. आरंभीं तिच्याजवळ ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकीं २३३ सर्व साधनांनीं सज्ज आणि ७०४ प्राथमिक साधनांच्या. दुसऱ्या बहुतेक राज्यांत गाडीवर शिकविलेला सहायक असतो. महाराष्ट्रानें मात्र प्रत्येक गाडीवर डॉक्टर नेमण्याचें ठरविलें, आणि त्यांत आयुर्वेद, होमिओपॅथी व युनानीचे पदवीधर पुष्कळ आले. लारेची कल्पना एवढ्या शब्दशः फार थोड्या ठिकाणीं अमलांत आली असेल.

गर्भवती आणि तान्हीं मुलें यांच्यासाठीं १०२ क्रमांकाची निराळी गाडी आहे. जून २०११ मध्यें सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमांत घरून रुग्णालयांत नेणें, एका रुग्णालयांतून दुसऱ्यांत नेणें आणि बाळंतपणानंतर घरीं पोंचविणें, हें सर्व फुकट असावें असें ठरलें. म्हणजे ठरीव प्रवासासाठीं वेगळी गाडी ठेवण्याचें तत्त्व सरकारनें एका वर्गापुरतें मान्य केलेलेंच आहे. राहिला तो दुसरा वर्ग. कण्यास इजा होऊन पाय गेलेला तरुण, अर्धांगवायूनें एक अंग लुळें पडलेली आजी, मूत्रपिंड निकामी झाल्यानें आठवड्यांतून दोनतीन वेळां डायालिसिससाठीं चार चार तास यंत्रास जखडून बसणारा रुग्ण. यांचा प्रवास निकडीचा नव्हे, म्हणून १०८ चा नव्हे. गर्भारपणाचा नव्हे, म्हणून १०२ चा नव्हे. एस.टी. अपंगांस भाड्यांत ७५ टक्के सवलत देते ही चांगली गोष्ट आहे. पण सवलत तिकिटाला आहे, गाडीच्या पायऱ्यांना नाहीं. खासगी जीप ठरवावी तर एका फेरीस मजुराची कित्येक दिवसांची मजुरी जाते.

अशा घरानें मग काय करावें? तें १०८ फिरवितें. आणि नुसती तपासणी आहे म्हटलें तर गाडी येणार नाहीं, म्हणून छातींत कळ येते असें सांगतें. यास लबाडी म्हणणें सोपें आहे. ज्या दारासमोर एकच गाडी थांबते त्या दाराच्या लोकांनीं त्या गाडीची भाषा शिकावी यांत नवल तें काय?

आतां मूळ वादाकडे. गाडीवरील डॉक्टरास व सहायकास खुर्चीच्या फेऱ्या द्याव्या असें म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाहीं. ते म्हणतात, पगार चालू आहे, गाडी उभी आहे, दोन हांकांच्या मध्यें तासच्या तास मोकळे जातात; त्यांत एखाद्या अपंगास नेऊन आणलें तर बिघडलें कोठें? शिवाय रुग्ण तो रुग्ण. वैद्यकी शिकलेल्या माणसानें खुर्ची ढकलण्यांत कमीपणा मानूं नये. यांतलें दुसरें म्हणणें पूर्ण खरें आहे. पहिलें मात्र आजऱ्याच्या नकाशावर ठेवून पाहावें. येथून कोल्हापुरास जावयाचें म्हणजे डोंगरी रस्त्यानें दोन तासांवर वेळ जातो. रुग्ण उतरवून लगेच परत फिरलें तरी पांच तास सरतात. डायालिसिससाठीं थांबलें तर दिवस गेला. तेवढ्या वेळांत तालुक्यांतून हांक आली तर गाडी गडहिंग्लजहून किंवा आणखी दुरून यावयाची. भातलावणीच्या दिवसांत चिखलांत उघड्या पायांनीं उभ्या असलेल्या बाईस मण्यार किंवा नाग चावला तर विषानें श्वासाचे स्नायू लुळे पडतात. प्रतिविष देईपर्यंत पिशवी दाबून श्वास चालू ठेवणारा माणूस जवळ असला तर ती वांचते. आंबोलीच्या रस्त्यावर पावसाळ्यांत गाड्या घसरतात. शेतांत मारण्याचें औषध पोटांत गेलेलीं माणसें येतात. यांपैकीं एकहि प्रसंग वेळापत्रक पाहून येत नाहीं. उभी असलेली गाडी मोकळी आहे असें समजणें म्हणजे आगीचा बंब आग नसतांना पाण्याच्या टँकरप्रमाणें भाड्यानें द्यावा म्हणण्यासारखें आहे.

दुसरीहि एक गोष्ट आहे, आणि ती सहसा बोलली जात नाहीं. खुर्चीवरच्या रुग्णास नेणें हें हलकें काम आहे असें दोन्ही पक्ष गृहीत धरतात. तें हलकें नाहीं, निराळें आहे. ज्याच्या कमरेखालीं संवेदना नाहीं त्याचा पाय गाडीच्या कडेस घांसला तर त्यास कळत नाहीं. जखम दिसते ती दुसऱ्या दिवशीं, आणि ती भरण्यास महिने लागतात. एकाच अंगावर दोनतीन तास बसवून नेलें तर कातडीखालीं फोड धरतो आणि त्याचा पुढें खोल व्रण होतो. मानेशीं किंवा छातीच्या वरच्या भागीं कण्यास इजा झालेल्या रुग्णाची लघवीची नळी नुसती मुरडली तरी त्याचा रक्तदाब एकाएकीं धोकादायक रीतीनें चढतो. तेव्हां त्यास आडवा न करतां ताठ बसवावयाचें आणि नळी मोकळी करावयाची. हें ज्यास ठाऊक नाहीं तो डॉक्टर असला तरी चुकेल. ज्यास शिकविलें आहे तो सातवी शिकलेला असला तरी चुकणार नाहीं. खांदेकऱ्यांचें पाऊल चुकविण्याचें जें जुनें कसब, त्याच जातीचें हें कसब होय.

कोल्हापूर जिल्ह्यास हें नव्यानें सांगण्याची गरज पडूं नये. स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनीं १९८४ सालीं कोल्हापुरांत "हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड" ही संस्था स्थापन केली. त्यांच्या आत्मचरित्राचें नांवच "चाकाची खुर्ची" असें आहे, आणि या वस्तूस मराठींत साधें घरगुती नांव रूढ होण्यास त्या पुस्तकाचा हातभार लागला. अपंग माणसास घराबाहेर काढणें, शाळेंत, कामावर, दवाखान्यांत नेणें, हें त्या चळवळीचें पहिलें पाऊल होतें. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें प्रवासाची सोय हा हक्क मानला. तेव्हां खुर्चीवरच्या रुग्णानें १०८ ची उरलेली वेळ मागून न्यावी, ही त्याच्याहि दृष्टीनें फायद्याची तडजोड नव्हे. ज्या गाडीस कोणत्याहि क्षणीं दुसरी हांक येऊं शकते, ती त्याला अर्ध्या वाटेंत सोडून जाईल. आणि डायालिसिसची पाळी चुकणें म्हणजे फुप्फुसांत पाणी भरणें. तेंच दुखणें मग रात्रीं खरोखर निकडीचें होऊन त्याच गाडीच्या दारीं येतें.

एका अपवादास मात्र जागा आहे. नव्यानें भरती झालेल्या सहायकानें पहिले कांहीं महिने ठरीव प्रवासाच्या गाडीवर काढावे, ही कित्येक देशांतली चाल चांगली आहे. माणूस कसा धरावा, जिन्यावरून खुर्ची कशी उतरवावी, घाबरलेल्या म्हाताऱ्याशीं काय बोलावें, हें तेथें हातांत बसतें. पण ती शिकाऊ पाळी असावी. ज्याचा हात विषबाधेंत आणि रक्तस्रावांत मुरला आहे त्यास तेथें बसविलें तर त्याचा हात सुटतो, आणि ज्या वाडींत तो हात हवा असतो तेथें नसतो.

या सर्वांचा क्रम मात्र उलटा होतां कामा नये. खुर्चीवरच्या रुग्णांस १०८ मिळणार नाहीं असें आधीं ठरवावयाचें आणि त्यांच्या गाडीचें पुढें पाहूं म्हणावयाचें, असें झालें तर इंग्लंडांतल्या ठेक्याचे हाल येथें ठेक्यावांचूनच होतील. आजऱ्यासारख्या तालुक्यास लागणारी गाडी कांहीं महाग यंत्रांची नव्हे. मागें उतरती फळी, खुर्चीचीं चाकें तळाशीं जखडण्याचे पट्टे, बसलेल्या रुग्णाच्या छातीस पट्टा, आणि उचलण्याचें रीतसर शिक्षण घेतलेलीं दोन माणसें, त्यांपैकीं एक बाई, कारण रुग्णांत बायका पुष्कळ असतात आणि त्यांची अडचण त्या परपुरुषास सांगत नाहींत. आठवड्याचे वार गांवांस नेमून दिले, एका खेपेंत तिघेचौघे नेले, गडहिंग्लजचा एक दिवस आणि कोल्हापूरचा एक दिवस ठेवला, तर एक गाडी पुष्कळ काम उरकते. हा खर्च आरोग्यखात्यानें उचलावा कीं समाजकल्याण खात्यानें, कीं पंचायतीनें डिझेल व सरकारनें पगार असा वांटून घ्यावा, यावर मतभेद होतील. पावसाळ्यांत जेथें ती गाडीहि पोंचत नाहीं त्या वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत खांदा कोणी द्यावयाचा, हें गांवासच ठरवावें लागेल; कर्तीं माणसें मुंबईस असल्यानें आठ खांदे जमविणें पूर्वींइतकें सोपें राहिलेलें नाहीं.